सुटणे आणि सुटलेले राहणे

मराठीत व्यसन ‘लागते’ आणि व्यसन ‘सुटते’. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, वेड लागते. तसेच व्यसनही लागते. त्यात माणसाने स्वतः काही केले असे आपली भाषा म्हणत नाही. सुटण्याचेही तसेच. शाळा सुटते, गाडी सुटते, गाठ सुटते. घंटा झाली की पोरे दप्तर उचलून पळतात आणि दुसऱ्या क्षणी वर्ग रिकामा. व्यसनाचेही असेच असावे अशी आपली समजूत आहे. ‘त्यांची तंबाखू सुटली बरं का!’ असे आपण एका वाक्यात सांगतो आणि विषय मिटवतो. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातले मित्र व्यसनाला ‘चट’ म्हणतात. आपल्या ‘चटक’ या शब्दाच्या अगदी शेजारचा तो शब्द. त्यांच्याकडेही चट सोडली की सोडली. पण सोडल्याच्या दिवसापासून पुढचे पाच-सहा आठवडे माणसाच्या डोक्यात जे चालते, त्याला ना मराठीत नाव आहे, ना कन्नडमध्ये. या बिननावाच्या दिवसांविषयी मला लिहायचे आहे, कारण गेल्या वर्षी ते दिवस मी आमच्याच घरात पाहिले.

प्रथम थोडे त्या द्रव्यांविषयी. ‘उत्तेजक द्रव्ये’ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, मेथअ‍ॅम्फेटामिन अशी नावे येतात आणि हे सारे चित्रपटातले, परदेशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून आपण निश्चिंत होतो. पण मज्जासंस्थेला चेतवणारे, झोप उडवणारे, क्षणभर तरतरी आणणारे ते उत्तेजक, एवढी साधी व्याख्या घेतली तर सकाळचा चहाही त्या घराण्यातला गरीब चुलतभाऊ ठरतो, आणि तंबाखूतले निकोटिन तर चांगले सख्ख्या नात्यातले. ते या भागात नवे नाही. पोर्तुगीजांनी तंबाखू दख्खनेत आणली. अकबर बादशहाचा वकील असदबेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला असता ती त्याच्या पाहण्यात आली आणि १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती बादशहाला नजर केली. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दरबाराने तंबाखूची पहिली ओळख करून घेतली ती आपल्या शेजारच्या विजापुराकडून! पुढे आपल्याच जिल्ह्यातली निपाणी विडीच्या तंबाखूची पेठ म्हणून नावारूपाला आली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी तेथे शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, ते आंदोलन देशभर गाजले. तंबाखू आमच्याकडे नुसते व्यसन नाही. ते पीक आहे, मजुरी आहे, मुलीच्या लग्नाचा खर्च आहे. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतात तंबाखूचे सेवन करणारे प्रौढ सुमारे पावणेसत्तावीस कोटी निघाले. त्यातले बहुतेक ओढणारे नव्हेत, खाणारे.

माझे मामा त्यांतले एक. निपाणीजवळच्या एका खेड्यात घर आणि निपाणीत एका वखारीत दिवाणजी. मालाची आवक, वजन, मजुरी, उचल, सारा हिशेब तोंडी. आम्ही भावंडे लहानपणी त्यांना तीन-तीन आकडी गुणाकार घालायचो आणि आमची पाटीवरची बेरीज संपायच्या आत मामा उत्तर देऊन मोकळे. उत्तर देण्यापूर्वी मात्र एक विधी असे. चंचीतून चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायची, डबीतला चुना अंगठ्याच्या नखाने काढायचा, मळायचे, दोन टिचक्या मारायच्या आणि बार गालात ठेवायचा. मग उत्तर. चाळीस वर्षांत हा क्रम चुकला नाही. चुन्याचे यातले काम मला पुढे अभ्यासात कळले. चुना अल्कधर्मी असल्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज रक्तात उतरते. आमच्या आज्या-पणज्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता ही युक्ती शोधून ठेवली होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दाढ दुखते म्हणून मामा बेळगावला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई कन्नड. त्यांनी दाढ बाजूला ठेवली आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहिला. तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता, पण त्याच्या वाटेवरचे गाव होते. ‘आता तंबाखू की गाल, एकच काही राहील,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. निकोटिनचे च्युइंगगम काही आठवडे घ्या, असेही सुचवले. मामांनी ते हसण्यावारी नेले. ‘एक सोडायची आन् दुसरी चघळायची? ह्यो कुठला न्याय?’ त्यांनी चंची तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तीन आठवडे आमच्या घरी राहायला आले. वखारीपासून लांब राहावे, एवढाच हेतू.

पहिला दिवस ऐटीत गेला. निकोटिन रक्तातून फार लवकर उतरते. साधारण दोन तासांत निम्मे होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या रक्तात त्याचा जवळजवळ मागमूस नव्हता. शरीर ‘स्वच्छ’ झाले होते. आणि नेमके तिथूनच सारे बिघडले. दुसऱ्या रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ जास्त झाले म्हणून आईशी भांडण. आणि आमच्या मामांनी बहिणीला आवाज चढवून बोललेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. चौथ्या दिवशी दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब करायला आईने कागद पुढे ठेवला. साधी बेरीज. मामांनी ती तीनदा केली आणि तीनदा वेगळी आली. कागद बाजूला सारून ते म्हणाले, ‘डोस्क्यात भुसा भरल्यागत झालंय गं पोरी. आकडं थांबतच न्हाईत.’ त्या वेळी त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली. तंबाखूवाचून चडफडणारा माणूस मी पाहिला होता. पण ज्याच्या जोरावर आयुष्यभर मान मिळवला ती बुद्धीच हातून निसटताना पाहणारा माणूस मी प्रथमच पाहत होते.

वडिलांचे निदान झटपट होते : ‘मनाचा निर्धार पाहिजे.’ शेजाऱ्यांचेही तेच. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. माझ्या परीने मी पुस्तके आणि शोधनिबंध चाळू लागले. त्यातून जे हाती आले ते सोप्या भाषेत मांडते.

मेंदूचे अमुक एक केंद्र अमुक एक काम करते असे आपण शाळेत शिकतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मेंदूतले दूरदूरचे भाग एकमेकांशी ताल धरून काम करतात आणि त्यांची जाळी बनतात. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भरत बिस्वाल यांनी १९९५ साली अमेरिकेत दाखवून दिले की माणूस एम.आर.आय. यंत्रात नुसता स्वस्थ पडून असला तरी हा ताल चालूच असतो. २००१ साली मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे एक जाळे दाखवले, जे आपण काहीच करत नसताना अधिक जागे असते. आठवणी, दिवास्वप्ने, ‘माझे कसे होणार’ ही चिंता, सारे त्याच्या कक्षेतले. त्याला आपण अंतर्मुख जाळे म्हणू. दुसरे कार्यकारी जाळे. आकडे डोक्यात धरून ठेवणे, मोह आवरणे, योजना आखणे ही त्याची कामे. आणि तिसरे आहे ठळकपणाचे जाळे. आतून-बाहेरून येणाऱ्या हजार संदेशांतला या क्षणी महत्त्वाचा कोणता, हे ते ठरवते आणि त्याप्रमाणे पहिल्या दोघांपैकी एकाला पुढे करते, दुसऱ्याला मागे बसवते.

आपल्या महाविद्यालयाचाच दाखला घ्या. अंतर्मुख जाळे म्हणजे कट्टा, कार्यकारी जाळे म्हणजे वर्ग आणि ठळकपणाचे जाळे म्हणजे घंटा देणारा शिपाई. शिपाई चोख असला की कट्टा वेळेवर रिकामा होतो आणि वर्ग भरतो. शिपाईच गोंधळला तर? तास सुरू झालेला, तरी कट्टा गजबजलेला. प्राध्यापक आहेत, फळा आहे, खडू आहे, पण वर्ग काही भरत नाही.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच गोंधळ यंत्राने टिपला. धूम्रपान करणाऱ्या काही लोकांचे मेंदू दोनदा तपासले गेले : एकदा नेहमीप्रमाणे ओढल्यानंतर आणि एकदा चोवीस तास न ओढता. न ओढलेल्या दिवशी शिपायाचा बाकीच्या दोन्ही जाळ्यांवरचा ताबा सैल झालेला दिसला. ज्यांच्यात तो जास्त सैल, त्यांना तलफही जास्त. आणि आकडे लक्षात ठेवण्याचे काम दिले असता त्यांचा ‘कट्टा’ रिकामा होईना. हे वाचताना माझ्यासमोर मामांचा दूधवाल्याचा कागद उभा राहिला. ‘आकडं थांबतच न्हाईत’ या तीन शब्दांत त्यांनी तोच निष्कर्ष आम्हाला चौथ्या दिवशीच सांगितला होता!

हे असे का व्हावे? कारण मेंदू हिशेबी आहे. बाहेरून रोज अमुक इतके निकोटिन येणार हे त्याच्या ध्यानात आले, की तो त्याप्रमाणे आपली मांडणी बदलतो. निकोटिन ज्या ग्राहकांवर जाऊन बसते ते ग्राहक तो वाढवून ठेवतो. मग एके दिवशी माल येणे बंद होते. गिऱ्हाईक मात्र तितकेच उभे, आणि सगळे हाका मारणारे. ही वाढलेली संख्या ओसरायला काही आठवडे लागतात. ओढणाऱ्यांवर केलेल्या तपासण्यांत ती सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आलेली दिसली आहे. म्हणजे रक्त दोन दिवसांत स्वच्छ होते, पण मेंदू सहा ते बारा आठवड्यांनी. मधल्या दिवसांत माणूस दिसायला निर्व्यसनी आणि आतून अर्धवट दुरुस्त झालेला असतो.

कोकेन-अ‍ॅम्फेटामिनच्या बाबतीत हेच अधिक उग्र रूपात घडते. १९८६ साली फ्रँक गॅविन आणि हर्बर्ट क्लेबर या दोघा मनोविकारतज्ज्ञांनी कोकेन सोडणाऱ्या रुग्णांत तीन टप्पे नोंदवले. आधी कोसळणे : झोप, भूक, थकवा, खिन्नता, हे काही तासांपासून तीन-चार दिवसांपर्यंत. मग काही आठवड्यांचा रखरखीत काळ, ज्यात कशातच रस वाटत नाही. आणि शेवटी लांबलचक तिसरा टप्पा, ज्यात एरवी सारे ठीक असते, पण एखादी जुनी जागा, जुना सोबती दिसला की तलफ उसळते. रखरखीतपणाचे कारण नोरा व्होल्कॉव्ह यांच्या तपासण्यांतून कळते. आनंदाशी आणि उमेदीशी संबंधित अशा डोपामाइनचे काही ग्राहक कोकेनच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूत कमी झालेले असतात आणि कोकेन सोडून तीन महिने झाले तरी ते कमीच राहतात. मेथअ‍ॅम्फेटामिन सोडलेल्यांत डोपामाइन परत उचलून घेणारी यंत्रणा बारा ते सतरा महिन्यांनी बरीचशी सुधारलेली त्यांना आढळली. सुधारली ही मोठी आशेची गोष्ट. पण वर्ष-सव्वा वर्ष! आपण तर आठवड्याने विचारतो, ‘काय, अजून चिडचिड जात नाही?’

इथे मला एका थोर गणितज्ञाची गोष्ट सांगावीशी वाटते. हंगेरीचे पॉल एर्डिश. सुमारे दीड हजार शोधनिबंध नावावर; घरदार नाही, एक बॅग घेऊन गावोगाव हिंडणार आणि भेटेल त्या गणितज्ञाबरोबर गणित सोडवणार. १९७१ साली आई गेल्यानंतर ते अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या घेऊ लागले. १९७९ साली त्यांचे मित्र रोनाल्ड ग्रॅहम यांनी पाचशे डॉलरची पैज लावली : महिनाभर गोळी न घेता राहून दाखव. एर्डिशनी महिना काढला, पैज जिंकली. पण तक्रार केली की पूर्वी कोरा कागद समोर घेतला की कल्पनांची गर्दी व्हायची, आता नुसता कोरा कागद दिसतो. तुझ्या पैजेने गणित एक महिना मागे पडले. आणि त्यांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या.

ही गोष्ट मौजेची म्हणून सांगितली जाते. पण मामांचे ते तीन आठवडे पाहिल्यानंतर मला ती मौजेची वाटत नाही. त्या महाबुद्धिमान माणसाने गोळीवाचूनचे आपले डोके कसे आहे याचा निकाल पहिल्या महिन्यावरून लावला. म्हणजे नांगरट झालेल्या रानाकडे बघून ‘इथे काही पिकत नाही’ म्हणण्यासारखेच हे झाले. एर्डिश पुढे वर्षभर थांबले असते तर काय झाले असते, ते कोणीच सांगू शकणार नाही. पण पहिला महिना हा निकालाचा महिना नव्हे, एवढे नक्की. सोडणाऱ्याला वाटते, ‘मी असाच राहणार.’ ती तशी राहणारी स्थिती नसते. ती दुरुस्ती चाललेली असते. परीक्षेच्या रात्री जागरणासाठी कुणाकडून तरी गोळ्या मागून घेणाऱ्या आपल्या काही दोस्तांनीही हे ध्यानात ठेवावे. गोळी उतरल्यावर जे जड, मंद डोके उरते तेच आपले खरे डोके अशी समजूत करून घेतली, की दुसरी गोळी फार लांब नसते.

मामांचा तिसरा आठवडा पुष्कळ बरा गेला. झोप आली, बेरजा जमू लागल्या, आईशी गोडीगुलाबी झाली. डॉक्टरीणबाईंनी एक मंत्र दिला होता : तलफ आली की स्वतःला म्हणायचे, ‘स्वल्प तडीरी’. म्हणजे जरा थांबा. तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. ती ओसरेपर्यंत पाणी प्या, अंगणात दोन फेऱ्या मारा, पण निर्णय घेऊ नका. मामांना तो आदरार्थी प्रयोग फार आवडला. तलफेला अहो-जाहो करत ते अंगणात फिरत. एकवीस दिवस पुरे करून ते गावी परतले. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

धोका नेमका इथे असतो, आणि हा विषय अभ्यासताना मला सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच. आपल्याला वाटते, दिवस जातील तशी ओढ कमी होईल. आपणहून वाटणारी ओढ होतेही कमी. पण खुणांनी जागी होणारी ओढ काही काळ उलट वाढत जाते. २००१ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत कोकेन बंद केल्यावर दोन महिन्यांपर्यंत, कोकेनची खूण दाखवली की त्यांची धडपड वाढतच गेलेली दिसली. २०१६ सालच्या एका अभ्यासात कोकेन सोडलेल्या माणसांना कोकेनशी निगडित चित्रे दाखवून मेंदूतल्या विद्युत्‌लहरी मोजल्या. दोन दिवसांपूर्वी सोडलेल्यांपेक्षा एक महिन्यापूर्वी आणि सहा महिन्यांपूर्वी सोडलेल्यांचा मेंदू त्या चित्रांना अधिक जोराने साद देत होता. वर्षभराने तो जोर ओसरलेला होता. आणि तोंडाने विचारले, तर सर्वांत जास्त तलफ सांगत होते ते दोन दिवसवाले! म्हणजे माणूस ‘आता काही वाटत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगत असतो, आणि त्याच वेळी त्याच्या आत सापळा ताणून बसलेला असतो.

खूण म्हणजे काय, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांनी छान उलगडते. माकडाला फळाचा रस दिला की डोपामाइनच्या पेशी चेततात. पण रसाआधी दर वेळी दिवा लावला, तर काही दिवसांनी त्या पेशी रसाला नव्हे, दिव्याला चेततात. सुख मागे राहते आणि सुखाची चाहूल पुढे होते. मामांच्या बाबतीत चाळीस वर्षे दिवा कोणता होता? डबीच्या झाकणाचा ‘टक्’ आवाज. तळहातावरच्या टिचक्या. आणि वखारीतली ती कोंदट, उग्र हवा, जिच्यात त्यांना रोज आठ तास बसायचे होते. दारुड्याने गुत्त्याकडे जाऊ नये असे म्हणणे सोपे. पण ज्याचे पोटच गुत्त्यात भरते त्याने काय करावे?

बेचाळिसाव्या दिवशी गावात एका साखरपुड्याला जेवणे झाल्यावर मंडळी पानतंबाखूला बसली. शेजारच्याने डबी उघडली. टक्. मामांनी पुढे केलेला तळहात त्यांच्या स्वतःच्या लक्षात आला तो चिमूट त्यावर पडल्यानंतर, असे ते सांगतात. मला ते पूर्ण खरे वाटते.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फोन आला आणि घरात सुतक पडल्यासारखे झाले. ‘शेवटी व्हायचं तेच झालं,’ वडील म्हणाले. आई रडली. मामा स्वतःच म्हणत होते, ‘जाऊ द्या. माझ्यासारख्याला न्हाई जमायचं. आता गालाचं काय व्हायचं ते हू दे.’ हे वाक्य मला त्या चिमटीपेक्षा घातक वाटले. एका चिमटीने गाल जाणार नव्हता. पण ‘मला जमायचे नाही’ या समजुतीने नक्की गेला असता. मी हट्ट धरला आणि आम्ही त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ‘एष्ट दिना बिट्टिद्री?’ किती दिवस सोडली होती?

‘एक्केचाळीस.’

‘तुम्ही दिवाणजी ना? मग एक्केचाळीस जमा, एक खर्च. शिल्लक किती?’

मामांनी खाली बघत उत्तर दिले, ‘चाळीस.’ बेरीज-वजाबाकी आता बिनचूक येत होती.

‘मग दुकान बुडालं कुठं?’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा च्युइंगगमची गोष्ट काढली. या वेळी त्यांनी नीट समजावले. तंबाखूचा कर्करोग तंबाखूतल्या दुसऱ्या विषारी द्रव्यांनी होतो. गममधले थोडेसे निकोटिन ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांना तात्पुरते शांत ठेवते, तेवढ्यात आतली मांडणी बदलते. मग गमही हळूहळू कमी करायचे. मामांनी हिशेब ऐकला, त्यांना तो पटला. वखारीच्या मालकांना सांगून त्यांनी आपले बसणे काट्यावरून मागच्या कचेरीत हलवून घेतले. गावच्या बैठकीत ते आता जेवण होताच उठतात. लोक हसतात, त्यांना हसू देतात. गम बंद होऊन आता बरेच महिने झाले. चट्टा लहान झाला आहे, गेलेला नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे.

आपल्याकडे व्यसनाची गोष्ट म्हटली की १९१९ साली रंगभूमीवर आलेला गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आठवतो. त्यातला पहिला पेला सर्वांच्या ध्यानात राहिला. पण सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, कामधंदा शोधायला जुन्या ओळखीच्यांकडे जातो, तिथे अपमान पदरी पडतो आणि मग तो पुन्हा पेल्याकडे वळतो, हे आपण विसरतो. गडकऱ्यांना मेंदूची जाळी ठाऊक नव्हती. पण माणूस सर्वांत कच्चा केव्हा असतो हे त्यांनी अचूक हेरले होते. सोडल्यानंतर. आणि नेमक्या त्याच वेळी जग त्याची परीक्षा घ्यायला टपलेले असते.

कोणी म्हणेल, हे सारे मेंदूवर ढकलून माणसाला जबाबदारीतून मोकळे करणे झाले. मला तसे वाटत नाही. पाय मोडलेल्या माणसाला आपण ‘चालणे तुझ्या हातात नाही’ असे सांगत नाही. प्लास्टर निघाल्यावर चालायचे त्यालाच असते, घाम त्यालाच गाळायचा असतो. पण पहिल्याच दिवशी त्याला शर्यतीत उभा करून ‘निर्धार कमी पडला’ असे म्हणणाऱ्याला आपण शहाणा म्हणू का? निर्धार ही काही हवेत तरंगणारी वस्तू नाही. तो ज्या जाळ्यांतून उभा राहतो तीच जाळी या दिवसांत सैल असतात. म्हणून जो काही निर्धार शिल्लक आहे तो मोह आवरण्यात खर्च करण्यापेक्षा मोहाच्या वाटेला न जाण्यात खर्च करावा, हे शहाणपण. मामांनी जागा बदलली ती याच हिशेबाने. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तेथेही व्यसनी माणसाला आधी काही आठवडे त्याच्या नेहमीच्या वातावरणापासून दूर ठेवतात, आणि घरी गेल्यावरही त्याला सोडून देत नाहीत. पाठपुरावा चालूच राहतो. अनुभवाने जे तिथे उमगले, त्याला आता यंत्रांची साक्ष मिळते आहे.

मित्रहो, आपल्या वसतिगृहात, आपल्या वर्गात, आपल्या घरात कोणीतरी आज काहीतरी सोडत असेल. सिगारेट असेल, गुटखा असेल, कदाचित याहून वाईट काही असेल. त्याने सोडल्याचे सांगितले की पाठ थोपटा, पण तिथेच थांबू नका. पहिल्या आठवड्यात तो चिडला तर मनावर घेऊ नका. त्याचे अभ्यासात लक्ष लागत नसेल तर त्याच्या टिपणवह्या तुम्ही लिहून द्या. महिन्याभराने तो ‘आता काही वाटत नाही’ म्हणाला तर आनंद माना, आणि तरीही त्याच्यासमोर डबी उघडू नका, पाकीट काढू नका. घसरलाच, तर आधी जमेचे दिवस मोजा. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ ही सरकारी विनामूल्य दूरध्वनिसेवा आहे; ती मराठीत बोलते आणि कन्नडमध्येही. तो क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

व्यसन सुटायला एक दिवस पुरतो. सुटलेले राहायला बरेच दिवस लागतात, आणि ते दिवस एकट्याने काढायचे नसतात.